नाण्यांच्या झटपट तपासणीसाठी घरगुती भिंगमांडणी

भारतीय नाण्यांच्या अभ्यासात एक नाणे दुसऱ्यापासून ज्या खुणांवरून वेगळे ठरते, त्या खुणा पुष्कळदा एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान असतात. स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर सनाखाली उमटवलेली टांकसाळीची खूण, म्हणजे नाणे कोणत्या सरकारी टांकसाळीत पाडले गेले हे सांगणारे चिन्ह, हे याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. मुंबईची खूण टोकावर उभा असलेला लहान चौकोन, हैदराबादची पाच टोकांची चांदणी आणि १९८८ साली सुरू झालेल्या नोएडा टांकसाळीची गोल ठिपका अशी असून कोलकात्याच्या नाण्यावर मात्र खूणच नसते. हातभिंगाने ही खूण पाहणे अवघड नाही. परंतु एका नाण्याला एक मिनिट धरले तरी तीनशे नाण्यांच्या पिशवीला पाच तास लागतात, आणि तोवर डोळा इतका शिणतो की झिजून गोलसर झालेला मुंबईचा चौकोन आणि नोएडाचा ठिपका यांत त्याला फरक करता येत नाही.

हा वेळ नेमका कशात जातो, हे पाहिल्यावरच मांडणी कशी असावी हे ठरते. प्रत्यक्ष खूण ओळखायला डोळ्याला क्षणभर पुरतो. उरलेला सगळा वेळ नाणे भिंगाखाली योग्य अंतरावर धरण्यात, ते सरळ करण्यात, त्यावर प्रकाश पडेल असा हात वळवण्यात आणि हललेली प्रतिमा पुन्हा स्पष्ट करण्यात खर्च होतो. म्हणून झटपट तपासणीच्या मांडणीत नाण्याची उंची, नाण्याची जागा आणि प्रकाशाची दिशा या तीन गोष्टी कायमच्या बांधून टाकाव्यात आणि बदलायचे ते फक्त नाणे ठेवावे. भिंग किती पटीचे घ्यावे हा प्रश्न बहुतेक जण सर्वप्रथम विचारतात. वास्तविक तो शेवटचा आणि सर्वांत सोपा प्रश्न आहे.

भिंगावर लिहिलेली पट ही २५० मिलिमीटर या संकेताने मानलेल्या वाचनाच्या अंतराला भिंगाच्या नाभीय अंतराने भागून काढलेली असते. त्यामुळे दहापटीचे भिंग नाण्यापासून सुमारे २५ मिलिमीटरवर आणि पाचपटीचे सुमारे ५० मिलिमीटरवर धरावे लागते. पट वाढली की हे अंतर घटते, भिंगाची स्वतःची सावली नाण्यावर पडू लागते आणि तिरपा प्रकाश आत शिरायला वाट उरत नाही. शिवाय स्पष्टतेची खोली, म्हणजे वरखाली असलेले जे भाग एकाच वेळी स्वच्छ दिसतात त्यांच्या उंचीतील फरक, इतकी कमी होते की नाण्याची उंच किनार आणि सपाट पृष्ठभाग एकत्र दिसत नाहीत. संगणकाला जोडायचा डिजिटल सूक्ष्मदर्शक किंवा मोबाइलचा कॅमेरा वापरताना तर पट हा शब्दच फसवा ठरतो, कारण तीच प्रतिमा लहान पडद्यावर लहान आणि मोठ्या पडद्यावर मोठी दिसते. तेथे एक मिलिमीटर लांबीवर पडद्याचे किती ठिपके पडतात, हे मोजणे योग्य. नाण्याचा ४८ मिलिमीटर रुंदीचा परिसर १९२० ठिपक्यांच्या पडद्यावर पूर्ण भरला, तर दर मिलिमीटरला ४० ठिपके मिळतात आणि अर्ध्या मिलिमीटरची खूण २० ठिपके रुंद दिसते, जी ओळखायला पुरेशी असते. पडदा ४८ सेंटिमीटर रुंद असेल तर हे दर्शन बरोबर दहापटीचे होते, आणि त्या परिसराची उंची २७ मिलिमीटर भरत असल्याने दहा रुपयांचे २७ मिलिमीटर व्यासाचे नाणेही अखंड दिसते. हजारपट दाखवण्याची जाहिरात असलेल्या उपकरणाकडे म्हणूनच पाठ फिरवावी. नाण्याच्या कामात तेवढ्या पटीचा काहीही उपयोग नाही.

मांडणीचा सांगाडा साध्या सुतारकामाचा आहे. सुमारे ३० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर जाडीची प्लायवूडची फळी बैठक म्हणून घ्यावी आणि तिच्या मागच्या कडेला पूर्ण लांबीचे आटे असलेल्या, ८ मिलिमीटर जाडीच्या दोन लोखंडी सळया नटांनी घट्ट उभ्या कराव्यात. या सळयांवर ॲक्रिलिकची पाच-सहा मिलिमीटर जाडीची आडवी पट्टी बसवून तिच्या खाली आणि वर वॉशरसह नट लावले, की कॅमेऱ्याचा मजला तयार होतो. पट्टीत मोबाइलच्या भिंगापुरते किंवा सूक्ष्मदर्शकाची नळी अडकेल इतके भोक पाडावे. या जाडीच्या नेहमीच्या सळईच्या आट्यांतले अंतर १.२५ मिलिमीटर असते, त्यामुळे नट एक पूर्ण फेरा फिरवल्यास मजला तेवढाच आणि पाव फेरा फिरवल्यास सुमारे ०.३ मिलिमीटर सरकतो. प्रतिमा स्पष्ट करण्यासाठी याहून सूक्ष्म यंत्रणा लागत नाही. बाजारी सूक्ष्मदर्शकासोबत येणारा हलका, लवचीक मानेचा स्टँड मात्र वापरू नये, कारण नाणे बदलताना बोटाचा धक्का लागला की तो डुलतो आणि प्रत्येक डुलण्यासरशी काही सेकंद वाया जातात. बैठकीखाली रबराचे तुकडे लावल्यास टेबलाची थरथरही कमी होते.

मोबाइल वापरायचा असल्यास त्याच्या कॅमेऱ्यापुढे चिमट्याने बसणारे पाचपटीचे भिंग लावावे. त्यामुळे भिंग आणि नाणे यांत सुमारे पाच सेंटिमीटर जागा मोकळी राहते, जिच्यातून बोटेही जातात आणि प्रकाशही. मोबाइलमधील आपोआप प्रतिमा स्पष्ट करणारी सोय या कामात सर्वांत जास्त वेळ खाते, कारण प्रत्येक नव्या नाण्यागणिक ती पुन्हा पुढेमागे चाचपडते. म्हणून पहिले नाणे स्पष्ट दिसताच पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि प्रकाशमान दोन्ही कायम करावेत. प्रतिमा मोठ्या पडद्यावर न्यायची असेल तर ती तारेने न्यावी. वायफायवरून पाठवलेले चित्र किंचित मागे पडते, आणि नाणे सरकवणारा हात व ते पाहणारा डोळा यांची चुकामूक होते.

नाण्याची जागा बांधण्यासाठी बैठकीवर, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, काळ्या किंवा राखी मखमलीचा तुकडा ताणून चिकटवावा आणि त्यावर दोन पट्ट्या काटकोनात अशा बसवाव्यात की त्यांचा कोपरा पलीकडे आणि उघडी बाजू तपासणाऱ्याकडे राहील. नाणे बोटाने या खोबणीत ढकलले की ते दोन्ही पट्ट्यांना टेकून आपोआप एका ठरावीक जागी थांबते. निरनिराळ्या व्यासांच्या नाण्यांची केंद्रे या मांडणीत थोडी पुढेमागे होतात, पण तो फरक किरकोळ आहे: २२ मिलिमीटरच्या नाण्यानंतर २५ मिलिमीटरचे नाणे ठेवल्यास केंद्र जेमतेम दोन मिलिमीटर सरकते. पट्ट्या नाण्यापेक्षा पातळ, एक मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याच्या असाव्यात; त्या उंच झाल्या तर तिरप्या प्रकाशाची वाट अडते आणि नेमक्या सनाच्या जागी सावली पडते.

मांडणीचे खरे मर्म प्रकाशात आहे आणि घरगुती प्रयत्न बहुधा येथेच फसतात. डिजिटल सूक्ष्मदर्शकाच्या तोंडाशी गोलाकार बसवलेले दिवे नाण्यावर चारही बाजूंनी सारखा प्रकाश टाकतात, त्यामुळे उठावाची सावली कोठेच पडत नाही, आणि पोलादी नाण्यावर तर त्या दिव्यांचीच पांढरी प्रतिबिंबे उमटून खूण झाकली जाते. ते दिवे बंद ठेवून बाजूने एकच दिवा लावावा आणि तो नाण्याच्या पातळीशी पंधरा ते वीस अंशांचा कोन करील इतका खाली आणावा. अशा तिरप्या प्रकाशात मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका उठावही आपली सावली टाकतो, आणि झिजलेल्या नाण्यावरची खूण त्या सावलीवरूनच ओळखली जाते. दिवा आणि नाणे यांच्यामध्ये बटरपेपरचा एक पदर धरल्यास चमक मवाळ होते. घरच्या विजेवर चालणारे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होत असल्यामुळे मोबाइलच्या चित्रात सरकते पट्टे दिसतात. दिवा पॉवरबँकेवर चालवला की हे पट्टे बहुधा जातात. प्रकाश कमी करायचा असल्यास दिव्याचे बटण फिरवण्याऐवजी बटरपेपरचा आणखी एक पदर घालावा, कारण मंद करण्याच्या सोयीमुळेही पुष्कळ दिवे लुकलुकतात.

प्रकाशाची दिशा हा नुसत्या सोयीचा प्रश्न नाही. तिच्यावर निर्णयाचा खरेखोटेपणा अवलंबून असतो. प्रकाश वरून येतो असे गृहीत धरण्याची माणसाच्या दृष्टीला सवय असल्याने, चित्रात प्रकाश खालून पडलेला असेल तर उठावाची अक्षरे खोल गेल्यासारखी आणि खोदीव अक्षरे उठल्यासारखी दिसतात. १८३५ सालच्या चौथ्या विल्यमच्या रुपयाच्या बाबतीत हा भ्रम फार महाग पडू शकतो. त्या रुपयावर राजाच्या मानेच्या छेदावर कलकत्ता टांकसाळीच्या प्रमुखांची आद्याक्षरे, रॉबर्ट साँडर्स यांची ‘आर एस’ किंवा विल्यम नेर्न फोर्ब्स यांचे ‘एफ’, आढळतात, आणि ‘एफ’ हे अक्षर काही नाण्यांवर खोदीव तर काहींवर उठावाचे असल्याने त्यावरून त्या नाण्यांचे स्वतंत्र प्रकार मानले जातात. सूक्ष्मदर्शक उलट्या बाजूने बसवल्यामुळे चित्र पडद्यावर पालथे दिसत असेल, तर टेबलावर वरच्या अंगाला ठेवलेला दिवा पडद्यावर खालून प्रकाश टाकतो, आणि तपासणारा प्रत्येक ‘एफ’चा प्रकार उलटा नोंदवत जातो. म्हणून दिव्याची जागा टेबलाकडे पाहून ठरवू नये. पडद्यावरच्या चित्रात प्रकाश घड्याळातल्या दहाच्या जागेवरून येत आहे, याची खात्री ज्याचा उठाव निश्चित माहीत आहे अशा नाण्यावर करून घ्यावी आणि मगच दिवा पक्का करावा.

अक्षरांच्या रेषा आणि प्रकाशाची दिशा यांचेही असेच नाते आहे. जी रेषा प्रकाशाच्या दिशेला समांतर असते तिची सावली पडत नाही आणि ती दिसेनाशी होते. देवनागरी मजकुराच्या नाण्यांत हे तीव्रतेने जाणवते, कारण काना आणि दंड उभे, तर शिरोरेषा आडवी असते. शिवराई या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र पति’ अशी अक्षरे असतात. त्यांवर बरोबर वरून तिरपा प्रकाश टाकला तर ‘राजा’मधले काने पुसट होतात, आणि बरोबर डावीकडून टाकला तर ओळींमधल्या आडव्या रेघा नाहीशा होतात. त्या रेघा नाहीशा होणे परवडणारे नाही, कारण दुदांडी शिवराई ही नंतरच्या काळातली जात अक्षरांच्या ओळी विभागणाऱ्या दुहेरी रेघेवरूनच ओळखली जाते. दहाच्या जागेवरचा कोपऱ्यातला प्रकाश दोन्ही प्रकारच्या रेषांना न्याय देतो. तरीही शंका उरलीच तर दिवा दोनच्या जागी नेऊन दुसऱ्यांदा पाहावे. त्यासाठी दिव्याच्या बैठकीला दोन्ही जागी अटकाव ठोकून ठेवावेत, म्हणजे प्रत्येक वेळी कोन नव्याने शोधावा लागत नाही.

चकचकीत, आरशासारख्या पृष्ठभागाच्या नाण्यांना आणि जवळजवळ सपाट झालेल्या नाण्यांना तिरप्या प्रकाशापेक्षा सरळ वरून येणारा प्रकाश मानवतो. तो मिळवण्यासाठी फोटोफ्रेमच्या पातळ काचेचा तुकडा कडा घासून घेऊन भिंग आणि नाणे यांच्यामध्ये ४५ अंशांत बसवावा आणि दिवा बाजूने काचेवर रोखावा. काच थोडा प्रकाश खाली नाण्यावर वळवते, आणि नाण्यावरून परतलेला प्रकाश तिच्यातून आरपार कॅमेऱ्यात जातो. काचेच्या पलीकडे काळा कागद उभा केला नाही तर चित्रावर धुरकट पडदा येतो. या प्रकाशात सपाट भाग उजळ आणि उतार काळे दिसत असल्यामुळे, तिरप्या प्रकाशात न दिसणारा सनही कधीकधी वाचता येतो.

कामाची पद्धत मांडणीइतकीच महत्त्वाची आहे. एका मूल्याची आणि एका मालिकेची नाणी प्रथम हातानेच वेगळी करावीत, कारण त्यांची जाडी एकच असल्याने कॅमेऱ्याची उंची पूर्ण गठ्ठ्यासाठी एकदाच लावावी लागते. न पाहिलेली नाणी डावीकडच्या ताटात, पाहिलेली उजवीकडे आणि शंकास्पद नाणी समोरच्या वाटीत अशी विभागणी ठेवावी. शंकास्पद नाण्यापाशी त्याच क्षणी थबकू नये, तर सगळी वाटी शेवटी कॅमेरा खाली आणून, तीसपटीच्या आसपास, निवांत पाहावी. स्वतंत्र भारताच्या नाण्यांच्या दोन्ही बाजू एकाच दिशेने सरळ असतात, म्हणून नाणे पुस्तकाच्या पानासारखे उजवीकडून डावीकडे उलटले की दुसरी बाजूही सरळच दिसली पाहिजे. ती तिरकी किंवा उलटी दिसली, तर पाडताना ठसा फिरला होता असा त्याचा अर्थ होतो आणि ते नाणे तात्काळ वाटीत जाते. ठसा म्हणजे चकतीवर नक्षी उमटवणारा कोरीव पोलादी साचा. डोळ्याला विश्रांती देण्यासाठी मधूनमधून पडद्यावरून नजर काढून दूर पाहावे. थकलेली नजर चूक करते आणि आपण चुकलो हे तिला कळतही नाही.

या पद्धतीचा सर्वाधिक लाभ १८६२ च्या व्हिक्टोरिया रुपयांच्या वर्गीकरणात होतो. १८६२ हा सन १८७४ पर्यंत रुपयांवर तसाच ठेवला गेला आणि त्या काळात मुंबई टांकसाळीने प्रत्यक्ष वर्ष सुचवण्यासाठी सनाच्या खाली, आणि काही नाण्यांवर मागील बाजूच्या वरच्या भागातही, बारीक ठिपके घातले. सन एकच असलेल्या नाण्यांचे वर्ष त्या ठिपक्यांच्या मोजणीवर ठरते, आणि झीज, मळ किंवा खरचटलेला धातू यांमुळे एखादा ठिपका कमी किंवा अधिक मोजला जातो. खऱ्या ठिपक्याला गोल, उतरती कड असते आणि तो शेजारच्या ठिपक्यांच्या रांगेत बसतो. धातूच्या ओरखड्याला एका बाजूस उचललेली धारदार कड असते. मळाचा कण दिवा दहावरून दोनवर नेल्यावर रंगाने वेगळा कळतो. हा रुपया साडेतीस मिलिमीटरच्या आसपास व्यासाचा असल्याने वर ठरवलेल्या परिसरात अखंड मावत नाही. परंतु सनाचा भाग आणि वरचा भाग आळीपाळीने पाहण्यासाठी खोबणीच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचा काढता-घालता येणारा तुकडा ठेवला, की नाणे दर वेळी तेवढेच पुढे सरकते.

शिवराईसारख्या हाताने पाडलेल्या तांब्याच्या नाण्यांना मात्र खोबणी उपयोगी पडत नाही. त्यांची जाडी असमान, कडा वेड्यावाकड्या आणि ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे मजकूर पुष्कळदा अर्धाच उमटलेला असतो. अशा नाण्यासाठी काचेच्या बारीक मण्यांनी सैलसर भरलेली सुती कापडाची पुरचुंडी करावी. तीवर नाणे ठेवून बोटाने किंचित दाबले की ते हव्या त्या कलाने स्थिर राहते आणि वरची बाजू कॅमेऱ्याला समांतर आणता येते. अर्ध्या मजकुराच्या नाण्यांचा निर्णय एकेकट्या नाण्यावर करण्याची घाई करू नये. सारख्या दिशेच्या प्रकाशात घेतलेली अनेक नाण्यांची चित्रे शेजारी मांडली, म्हणजे एकाच ठशाने पाडलेली नाणी अक्षरांच्या वळणावरून ओळखू येतात आणि एकावर कापला गेलेला भाग दुसऱ्यावर सापडतो. घरगुती मांडणीतून अभ्यासाला मिळणारे हे सर्वांत मोलाचे फळ आहे, आणि केवळ प्रकार ओळखून थांबणारे संग्राहक त्याला मुकतात.

बनावट नाणी ओळखण्यासही हीच मांडणी कामी येते, मात्र तेथे नाण्याच्या कडेकडे लक्ष द्यावे. मूळ नाण्यावरून साचा करून ओतलेल्या नकलेच्या पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खळगे दिसतात, अक्षरांच्या कडा लोण्यासारख्या मऊ वाटतात आणि नाणे पुरचुंडीत कडेवर उभे केल्यास साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची रेघ, किंवा ती घासून काढल्याच्या खुणा, आढळतात. पोलादी ठशाने पाडलेल्या नाण्यावर धातू बाहेरच्या दिशेने सरकल्याच्या अतिसूक्ष्म रेषा असतात, ज्या ओतीव नकलेत नीट उतरत नाहीत. दृष्टीच्या निर्णयाला वजनाची जोड द्यावी: १८३५ पासूनच्या रुपयाचे ठरलेले वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, जुन्या व्यवहारातला एक तोळा, इतके आहे. झिजेने ते थोडे घटते, पण वाढण्याचे कारण नाही.

तपासणी चांगली दिसावी म्हणून नाणे घासून काढण्याचा मोह आवरणे अत्यावश्यक आहे. देवघरातील तांब्याची भांडी चिंच किंवा पितांबरीने लखलखीत होतात, परंतु त्याच उपचाराने शिवराईवरची दीडदोनशे वर्षांहून जुनी काळसर-तपकिरी झिलई निघून जाते, तिच्यासोबत बारीक रेषाही पुसल्या जातात आणि हे नुकसान कशानेही भरून येत नाही. नाणे नेहमी कडेला, अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरावे व मखमलीवरच उलटावे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांमधून कालांतराने निघणारा चिकट, हिरवट द्राव तांब्याला खातो, म्हणून तपासून झालेली नाणी अशा पाकिटांत ठेवू नयेत. तांब्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी जागा भिंगाखाली दिसली तर ती क्षारांमुळे वाढत जाणारी विकृती समजावी आणि ते नाणे इतरांपासून वेगळे करून कोरड्या जागी ठेवावे.

नोंदीसाठी प्रत्येक चित्राला नाण्याच्या पाकिटावरचाच क्रमांक द्यावा आणि कोपऱ्यात पोलादी पट्टीवरील मिलिमीटरच्या खुणा येतील अशी व्यवस्था ठेवावी, म्हणजे पुढे केव्हाही त्या चित्रावरून मापे घेता येतात. ज्याची खूण, सन आणि वजन निश्चित ठाऊक आहे असे एक नाणे कसोटीचे म्हणून बाजूला राखावे आणि प्रत्येक बैठकीच्या आरंभी त्याचे चित्र घ्यावे. आधीच्या बैठकीतल्या चित्राशी ते जुळले नाही तर दिवा, उंची किंवा फोकस यांपैकी काहीतरी हलले आहे हे लगेच कळते, आणि ते दुरुस्त केल्याशिवाय पहिले नाणे खोबणीत ठेवू नये.